आधी फोन ठेवा, मग विचार करा

बँकेच्या हेल्पलाइनवर मी नऊ वर्षं फोन घेतले. तरीही मागे एका भामट्याशी चांगली चार मिनिटं बोलत बसले होते. कपडे वाळत घालत होते, फोन खांद्याने कानाशी धरलेला. “मॅडम, खात्री पटावी म्हणून तुमच्या कार्डाचे पहिले सहा आकडे सांगतो,” असं म्हणून त्याने ते सांगितले. बरोबर निघाले. आणि मी निर्धास्त झाले!

खरं तर ते आकडे माझे नव्हतेच. कार्डाचे पहिले सहा, आता बऱ्याच कार्डांवर आठ, आकडे बँकेची ओळख सांगतात. त्या बँकेच्या त्या प्रकारच्या हजारो कार्डांवर तेच असतात. तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीखही कुठून तरी फुटलेली असू शकते. त्याला काय काय माहीत आहे यावरून माणूस खरा ठरत नाही. स्क्रीनवर दिसणारा नंबरही खोटा दाखवता येतो. मेसेजचं तसंच: खोटा मेसेज बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत अलगद येऊन बसतो.

म्हणून मी एकच पाळते. आलेल्या फोनवर बँकेचं काम करायचं नाही. “मीच फोन करते” म्हणायचं आणि ठेवायचा. कार्डाच्या मागचा नंबर स्वतः दाबायचा. इंटरनेटवर शोधून मिळालेला नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. लँडलाइन असेल तर दुसऱ्या फोनवरून करा, कारण समोरच्याने ठेवला नाही तर काही ठिकाणी लाइन तशीच चालू राहते. खऱ्या कर्मचाऱ्याला याचा राग येत नाही. मला तरी कधी आला नाही, उलट तेवढाच एक कॉल लवकर संपायचा.

माझा भामटा पुढे म्हणाला, “व्यवहार रद्द करायला ओटीपी सांगा.” मेसेज पूर्ण वाचला तर त्यात रक्कम होती आणि ती कोणाला द्यायची तेही होतं. रद्द करण्याचा शब्द कुठेच नाही. तिथे माझे डोळे उघडले. ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचा, आकड्यावर थांबू नका. आणि पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही.

“पैसे सुरक्षित खात्यात हलवा”, “मदतीसाठी हे अ‍ॅप टाका” हे ऐकलं की बोलणं तिथेच संपवा. त्या अ‍ॅपमधून तुमची स्क्रीन त्याला दिसते. *२१* ने सुरू होणारा कोड दाबायला सांगितला तर मुळीच दाबू नका. तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. दाबलाच असेल, तर बहुतेक मोबाइलवर ##००२# ने ते वळण रद्द होतं.

काही सांगून बसला असाल तर आधी बँकेला फोन करून कार्ड आणि खातं गोठवा. अ‍ॅप टाकलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. मेसेज पुसू नका, पोलिसांत तक्रार देताना लागतात. अचानक नेटवर्क गेलं आणि परत येईना, तर मोबाइल कंपनीलाही विचारा. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढलेलं असू शकतं.

दोन दिवसांनी मला पुन्हा फोन आला, या वेळी ‘फसवणूक विभागा’तून. गेलेले पैसे थोड्या फीमध्ये परत मिळवून देतो म्हणाला. माझे पैसे गेलेच नव्हते.