बालीला निघण्यापूर्वी ज्वालामुखीचा इतिहास आणि धोके कसे तपासावेत

ठाणे आणि नवी मुंबईतील सहल कंपन्यांच्या बाली पॅकेजमध्ये 'किंतामणी व्होल्कॅनो व्ह्यू' किंवा 'माउंट बाटुर सनराइज ट्रेक, रात्री 2 वाजता पिकअप' अशी एखादी ओळ बहुधा असते. येऊरचा डोंगर आणि पारसिकची टेकडी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून घडलेली असली, तरी जागता ज्वालामुखी आपल्या कोणत्याच पिढीने पाहिलेला नाही. त्यामुळे जुलैत भरतीची वेळ पाहून घराबाहेर पडणारा ठाणेकर बालीच्या बाबतीत मात्र एजंटच्या शब्दावर विसंबतो. ही तपासणी घरबसल्या तासाभरात होते आणि ती आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी करावी.

सुरुवात इतिहासापासून करावी. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या जागतिक ज्वालामुखी संकेतस्थळावर प्रत्येक ज्वालामुखीच्या ज्ञात उद्रेकांची यादी मिळते. ती वाचताना केवळ शेवटच्या उद्रेकाचे वर्ष पाहून थांबू नये. सर्वांत मोठ्या उद्रेकात काय घडले, त्याची झळ किती दूर पोहोचली आणि पहिल्या खुणेपासून मुख्य स्फोटापर्यंत किती अवधी गेला, हे तीन प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. बालीतील सर्वांत उंच पर्वत असलेला आगुंग 1843 नंतर सुमारे एकशेवीस वर्षे शांत होता. फेब्रुवारी 1963 मध्ये तो जागा झाला, उत्तर उतारावरून लाव्हा सावकाश वाहू लागला आणि महिनाभराने, 17 मार्च रोजी, प्रचंड स्फोट झाला. 16 मे रोजी पुन्हा तसेच घडले. अकराशेहून अधिक माणसे मेली, तीही मुख्यतः लाव्ह्याने नव्हे, तर तापलेला वायू, राख आणि दगड यांच्या उतारावरून धावत सुटलेल्या लोटांनी. पहिला उद्रेक किरकोळ वाटला म्हणून प्रकरण मिटले असे मानता येत नाही, हा या नोंदीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

2017 ची नोंदही तितक्याच बारकाईने वाचावी. सप्टेंबरमध्ये भूकंपांची संख्या झपाट्याने वाढल्यावर सर्वोच्च इशारा देण्यात आला आणि लाखाहून अधिक लोकांनी घरे सोडली. पुढे भूकंप मंदावले, ऑक्टोबरअखेर इशारा एका पायरीने उतरवला गेला आणि त्यानंतर, 21 नोव्हेंबरला, उद्रेक सुरू झाला. महिनाअखेर बालीची राजधानी देनपसारचा विमानतळ दोन दिवसांहून अधिक काळ बंद राहिला. शास्त्रज्ञ चुकले असा याचा अर्थ नाही. पर्वत वेळापत्रक पाळत नाही, एवढेच.

इंडोनेशियाची ज्वालामुखी यंत्रणा चढत्या क्रमाने चार पातळ्यांचे इशारे देते: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या तिच्या संकेतस्थळावर त्या त्या पर्वताची चालू पातळी आणि विवरापासून किती किलोमीटरच्या आत जाऊ नये, हे दोन्ही दिलेले असते. माझ्या मते पातळीपेक्षा हा किलोमीटरचा आकडा आधी पाहावा. सुमात्रातील मरापी पर्वतावर डिसेंबर 2023 मध्ये 24 गिर्यारोहक मृत्युमुखी पडले, तेव्हा इशारा दुसऱ्याच पातळीवर होता. मात्र विवरापासून तीन किलोमीटरच्या आत न जाण्याची सूचना आधीपासून होती. गाइड नेतो म्हणून रस्ता खुला आहे, असे गृहीत धरू नये.

पुढची पायरी म्हणजे आपल्या मुक्कामाचे अंतर नकाशावर मोजणे. कुटा आणि विमानतळ आगुंगपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहेत, त्यामुळे तेथे प्रश्न मुख्यतः राखेचा आणि विमानांचा असतो. पर्वताच्या पायथ्याशी किंवा तेथून निघणाऱ्या नदीच्या काठी हॉटेल असेल, तर पावसाळ्यातील लाहाराचा विचार करावाच लागतो. घोडबंदर रस्त्यावरील मिक्सरच्या गाड्यांतून ओतले जाणारे काँक्रीट जसे दाट असते, तसा राख, दगड आणि पाण्याचा हा लोंढा नदीच्या पात्रातून उतरतो, आणि उद्रेक थांबून महिने उलटले तरी मोठ्या पावसाने तो येऊ शकतो. बालीतील पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, म्हणजे आपल्या नाताळच्या सुट्टीतच.

किंतामणीच्या कड्यावरून दिसणारा बाटुर तुलनेने लहान उद्रेकांचा पर्वत आहे. 1926 मध्ये त्याच्या लाव्ह्याने बाटुर गाव गिळले आणि गावकऱ्यांनी कड्यावर नवी वस्ती केली. शेवटचा उद्रेक 2000 मधला. कड्यावरून जेवता जेवता खाली दिसणारा काळा लाव्हा पाहायला हरकत नाही. पहाटेच्या चढाईचा निर्णय मात्र आदल्या संध्याकाळची पातळी पाहूनच घ्यावा.

राख म्हणजे खडक आणि काच यांचा बारीक चुरा असतो. एन 95 मास्क, डोळे झाकणारा चष्मा आणि मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे सोबत ठेवावेत; राख पडत असताना कॉन्टॅक्ट लेन्स वापरू नयेत. विमानासाठी ही राख किती घातक ठरते, याचे उदाहरण मुंबईत थांबा असलेल्या एका फेरीचेच आहे. लंडनहून ऑकलंडकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग 747 ची चारही इंजिने 24 जून 1982 रोजी जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली, आणि बरीच उंची गमावल्यावर ती पुन्हा सुरू होऊन विमान जकार्ताला उतरले. इंजिनात राख वितळते आणि आतील भागांवर घट्ट बसते. म्हणून आकाश निरभ्र दिसत असतानाही उड्डाण रद्द झाले, तर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्यावा, कारण इशारा जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत तो उद्रेक साधारणतः 'आधीच माहीत असलेली घटना' धरला जातो. ज्वालामुखीमुळे झालेला विलंब आणि वाढीव मुक्काम त्यात समाविष्ट आहे का, हे एजंटला विचारण्याऐवजी अटींमध्ये स्वतः वाचावे. नेहमीची औषधे चार-पाच दिवसांची जास्त घ्यावीत आणि परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कार्यालयात किंवा परीक्षेला हजर राहावे लागेल, असे तिकीट काढू नये.