इंदुरातील घरच्या बागेत हिवाळ्याची पेरणी

तुळशीचे लग्न आटोपले, की इंदुरात पहाटेचा गारवा स्थिरावतो आणि घरच्या बागेत पेरणी करण्याचा उत्तम काळ सुरू होतो. पुढे रात्री १० अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी पडली, तरी दिवसा भरपूर ऊन असते.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. परंतु तेच पाणी मुळांशी साचले, तर रोपे कुजतात. म्हणून वाफे सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावेत आणि त्यांत पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. माती चिकट असताना खणू नये, कारण तिची ढेकळे वाळून दगडासारखी घट्ट होतात.

लसूण सर्वांत आधी लावावा, कारण त्याला चार ते पाच महिने लागतात आणि उशीर झाल्यास गड्डे लहान राहतात. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या टपोऱ्या पाकळ्या निवडून, टोक वर ठेवून, १० सेंटिमीटर अंतरावर आणि ३ सेंटिमीटर खोल लावाव्यात. मटारचे दाणे रात्रभर भिजवून पेरावेत व वेलांना काटक्यांचा आधार द्यावा. मटाराच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे त्याला युरिया देऊ नये. दिल्यास पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात.

कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन भाग करावेत आणि पेरल्यावर आठ-दहा दिवस धीर धरावा. अंकुर दिसत नाहीत म्हणून पुष्कळ जण त्याच वाफ्यात पुन्हा पेरतात व दाटी करून बसतात. मेथी मात्र चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडता येते, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत राहावे. गाजर व मुळा यांची जागा वाळू घालून खोलवर भुसभुशीत करावी, नाहीतर त्यांना फाटे फुटतात. सराफ्यात, म्हणजे इंदुरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, याच दिवसांत मिळणारा गराडू (तळून खाल्ला जाणारा कंद) आपल्याही बागेत असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याची लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करावी लागते.

फुलांत पिटुनिया व पॅन्सीची तयार रोपे लावावीत. मला स्वतःला ग्लॅडिओलस अधिक प्रिय आहे. त्याचे कंद आत्ता लावल्यास साधारण तीन महिन्यांत दांडे येतात.

पाणी सकाळी द्यावे आणि बोटभर खोल माती कोरडी लागल्यावरच द्यावे. लसणाची पात पिवळी पडू लागली, की काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी पूर्ण बंद करावे.