जुनी ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडीने पाठीत गुद्दा घातल्यासारखा झटका दिला, की लगेच निदान होतं: 'गिअरबॉक्स गेला.' मग तो खाली उतरतो, उघडला जातो, नव्या क्लच प्लेटा पडतात आणि सगळं जोडून झाल्यावर झटका तसाच राहतो. दोष अनेकदा आत नसतोच.

1960-70च्या दशकांतल्या या गिअरबॉक्सना कॉम्प्युटर नाही. इंजिनावर भार किती आहे, याचा निरोप त्यांना बाहेरून मिळतो, कुठे व्हॅक्यूमच्या नळीतून, कुठे केबल किंवा लिंकेजमधून. 'भार जास्त' असा निरोप आला की आतल्या ऑइलचा दाब वाढतो आणि क्लच जोरात पकडतात. निरोप चुकीचा असेल, तर सावकाश चालवतानाही गिअर उशिरा आणि आदळत पडतो.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्हॅक्यूमची नळी न बघणं. जनरल मोटर्सचे टर्बो हायड्रामॅटिक 350 आणि 400, फोर्डचे सी4 आणि सी6 यांच्या अंगावर छोट्या डबीएवढा व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. इंजिनावर भार वाढला की व्हॅक्यूम, म्हणजे इंजिन हवा ओढताना नळीत होणारी पोकळी, कमी होतो. त्याची रबरी नळी वळणावर चिरते, व्हॅक्यूम गळतो आणि 'भार जास्त' असा खोटा निरोप जातो. ती काढून आत बघा. आत लाल ऑइलचा ओलावा दिसला, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतंय. अशा गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, खाली थेंब न सांडता ऑइल कमी होतं आणि लोक पिस्टन रिंगांचा खर्च करून बसतात!

नळी कोरडी असेल तर व्हॅक्यूम गेज लावा, पण मॅनिफोल्डजवळ (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांपाशी) नव्हे, मॉड्युलेटरकडच्या टोकाला. धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. काटा बराच खाली असेल, तर आधी इंजिनातली हवेची गळती आणि इग्निशन टायमिंग बघा. काही मॉड्युलेटरना आत समायोजनाचा स्क्रू असतो. तो फिरवून झटका दाबू नका, कारण दाब गरजेपेक्षा कमी झाला की क्लच घसरून जळतात.

केबलच्या बाबतीतला गोंधळ तर फार घातक. टर्बो हायड्रामॅटिक 350ची केबल फक्त किकडाउनसाठी, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडण्यासाठी असते. 1982 साली आलेल्या जनरल मोटर्सच्याच 700आर4 गिअरबॉक्सची केबल दिसायला तशीच, पण ती ऑइलचा दाबही ठरवते. कार्ब्युरेटर बदलताना ती सैल राहिली किंवा सुटीच सोडली, तर गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जळतो.

ऑइल 'कुठलंही लाल चालतं' असं समजू नका. टाइप एफ आणि डेक्सरॉन ही गिअरबॉक्स ऑइलची दोन प्रकारं. टाइप एफमध्ये घर्षण मऊ करणारी रसायनं नसतात, त्यामुळे ते पकड एकदम घेतं. डेक्सरॉनसाठी बनवलेल्या गिअरबॉक्समध्ये ते घातलं की झटका वाढू शकतो. पातळी बघताना गाडी सपाट जागेवर, ऑइल गरम आणि इंजिन चालू हवं. बहुतेक गाड्यांत लिव्हर पार्कमध्ये ठेवतात, पण क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटला न्यूट्रलमध्ये. जास्त भरलं तरी फेस होतो आणि दाब डळमळतो. ऑइल काळं, करपट वासाचं निघालं, तर मात्र आतलं काही खरंच जळलंय. नुसत्या नव्या ऑइलने ते बरं होत नाही.

बँड, म्हणजे आतल्या ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा, अंदाजाने आवळू नका. सी4चा पुढचा बँड 10 फूट-पाउंडला आवळून पावणेदोन फेरे मागे घ्यायचा, सी6चा दीड फेरा. टॉर्क पाना नसेल तर या कामाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

झटका फक्त न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकतानाच बसतो का? मग वाढलेलं आयडलिंग, फाटलेलं माउंटिंग आणि युनिव्हर्सल जॉइंटचा (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा) ढिलेपणा तपासा.

एवढं करूनही झटका राहिला, तर गिअरबॉक्सवरच्या टेस्ट पोर्टला (दाब मोजायच्या भोकाला) प्रेशर गेज लावा आणि आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडा. व्हॅक्यूम बरोबर असताना दाब चुकत असेल, तर व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल वळवणाऱ्या व्हॉल्व्हांचा ठोकळा) काढा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ती तळाचं ऑइल चेंबर खोलूनच, गिअरबॉक्स गाडीत ठेवून निघते.