बदामाशिवाय साब्ले, आणि ते हिरवे का झाले

आम्ही रेनला राहतो, म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनी भागात, इथलं खारं बटर घातलेली साब्ले बिस्किटं लेकीला फार आवडतात. माझ्या रेसिपीत 50 ग्रॅम बदामाची पूड असते, पण तिच्या मैत्रिणीला बदामाची ॲलर्जी, आणि वाढदिवसाला एक पोर नुसतं बघत बसणार हे मला सहनच होईना.

मग बदामाऐवजी तेवढ्याच सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. नुसत्या फिरवल्या तर तेल सुटून लगदा झाला, म्हणून रेसिपीतल्याच दोन चमचे मैद्याबरोबर मिक्सर थांबवत थांबवत फिरवल्या, छान कोरडी पूड झाली. बिस्किटं खुसखुशीत, चव मस्त! पण दुसऱ्या दिवशी एक तोडलं तर आत चक्क हिरवं, अगदी शेवाळासारखं. मी घाबरून सगळी टाकली.

टाकायची गरज नव्हती खरं तर. या बियांमधल्या क्लोरोजेनिक ॲसिडची बेकिंग पावडरमधल्या सोड्याशी रिॲक्शन होते, रंग बदलतो, खायला काही अपाय नाही. पुढच्या वेळी बेकिंग पावडर एक चमच्यावरून अर्ध्यावर आणली आणि पिवळ्या बलकाबरोबर एक छोटा चमचा लिंबाचा रस घातला, रंग सोनेरीच राहिला.

एक मात्र नक्की बघा, बियांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं. युरोपात ठरावीक 14 ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे पदार्थ, घटक म्हणून घातले असतील तर लिहावेच लागतात, पण 'अंश असू शकतो' ही सूचना ऐच्छिक आहे, म्हणून मी त्या मैत्रिणीच्या आईलाच पाकिटाचा फोटो पाठवून विचारलं. मिक्सरचं भांडंही आधी घासून घेतलं.