श्रग शिवायला बसण्याआधी

श्रग म्हणजे कपड्यांवरून घालायचा, पुढून उघडा सैल अंगरखा. साध्या श्रगला शिलाया दोनच, त्याही सरळ. एकदा मशीनवर बसलात की बिघडण्यासारखं फार काही उरत नाही. जे बिघडायचं ते कापड आणण्यापासून बेतण्यापर्यंतच बिघडून जातं.

कापड पुण्यात रविवार पेठेत घ्या नाहीतर लक्ष्मी रोडला, फक्त सोमवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. दुकानात पहिला प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा. 44 इंच पन्हा असेल तर हिशेबाने मीटरभराहून किंचित जास्त लागतं, तेव्हा सव्वा मीटर घ्या. मागे मी मोजून एक मीटर रेयॉन आणलं, न भिजवताच बेतलं. पहिल्या धुण्यात श्रग असा आटला की आता तो भाचीच्या अंगावर असतो, तिला छान दिसतो. पहिल्याच वेळी जॉर्जेटच्या वाटेला जाऊ नका, कात्रीखालून निसटतं. मऊ सुती किंवा रेयॉन बरं. हिंजवडीच्या एसीत बसणारीसाठी शिवायचा असेल तर जरा जाड खादी. आणि कपाटात आईची वापरून मऊ झालेली सुती साडी असेल तर पेठेत जायचीच गरज नाही.

तिथेच कापडाचा तुकडा दाखवून दोऱ्याचं रीळ घ्या. नेमका रंग मिळाला नाही तर किंचित गडद घ्या, शिलाईत दोरा फिकाच दिसतो.

घरी आल्यावर कापड रात्रभर साध्या पाण्यात. त्याआधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा, रंग उतरला तर वेगळं भिजवा. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद असण्याची शक्यता असते, तेव्हा बुधवारी रात्री हा उद्योग काढू नका. वाळलं की इस्त्री करा. चुण्यांवर घेतलेलं माप खोटं ठरतं.

आता माप. हात आडवे पसरून कुणाला तरी एका हाताची बाही जिथे संपायला हवी तिथून पाठीवरून दुसऱ्या हाताच्या त्याच जागेपर्यंत टेप धरायला सांगा. हे अंतर 44 इंचांच्या आसपास आलं तर पूर्ण पन्हा तसाच ठेवायचा. हे जमलं तर चैन आहे, कारण कापडाच्या दोन्ही किनारी बाह्यांच्या तोंडाशी येतात आणि तिथे दुमडून शिवायचं काम वाचतं. किनार ताणल्यासारखी, आखडलेली वाटली तर दर दोन इंचांवर कात्रीच्या टोकाने बारीकशी चीर द्या, सैल पडते.

लांबी 40 इंच कापा. कापलेल्या कडा एकमेकींवर येतील अशी घडी घातली की 20 इंच उरतात. घडीपासून 8 इंचांवर दोन्ही बाजूंना खडूने खूण करा. घडी ते खूण हा मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, तो मोकळा ठेवायचा. खुणेपासून खाली 12 इंच शिलाई. दंड भरलेले असतील तर मुंढा 9 इंच. विश्वास बसत नसेल तर जुनी ओढणी अशीच घडी घालून सेफ्टी पिना लावा, आरशासमोर उभ्या राहा आणि हात वर करून बघा. काखेत ओढलं तर खूण खाली सरकवा. कापडावर कात्री चालवण्याआधीची ही पाच मिनिटं मी आता कधीच वाचवत नाही.

बाकी सामान घरातच असतं: टेप, खडू, टाचण्या, भरलेली बॉबिन, सुतीला 14 नंबरची सुई, पातळ रेयॉनला 11. सुई नवी लावा. कापडाची कात्री लपवून ठेवा, आमच्याकडे तिने दुधाच्या पिशव्या कापतात. उरलेल्या चिंधीवर वीतभर शिलाई मारा आणि टाका कसा पडतो ते बघा. खालून दोऱ्याची गुंतवळ आली तर वरचा दोरा काढून पुन्हा ओवा.

राहिल्या त्या दोन कापलेल्या कडा. त्या घरी दुमडत बसू नका. कापड सपाट आहे तोवर, बाजू शिवण्याआधीच, गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या काकूंकडे द्या. सोबत दोऱ्याचं रीळही द्या, नाहीतर त्यांच्याकडे मशीनवर जो चढलेला असेल त्या रंगाचा पिको होऊन येतो. लग्नसराईत त्यांच्याकडे साड्यांचा ढीग असतो, तेव्हा शनिवारी शिवायचं तर कापड मंगळवारीच पोचवा.