सायकॉलॉजिस्ट असोसिएशनची मेंबरशिप घ्यायचीय? आधी एवढं बघा

शिक्षण संपत आलं की ग्रुपवर हा प्रश्न येतोच, कुठली असोसिएशन जॉइन करू? सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, मेंबरशिप म्हणजे प्रॅक्टिसचं लायसन्स नव्हे. ते कायद्याने नेमलेली संस्था देते. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी 1901 पासून आहे, पण तिकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर एचसीपीसी म्हणजे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी लागतेच, भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते. त्यामुळे बोर्डावर नुसतं 'अमुक असोसिएशनचे मेंबर' लिहिलं तर क्लायंटला वाटतं हेच सर्टिफिकेट, आणि त्रासात असलेल्या माणसाची अशी गैरसमजूत होऊ देणं मला तरी चुकीचंच वाटतं.

दुसरं, नाव पूर्ण वाचा. अमेरिकेत एपीए दोन आहेत, एक सायकॉलॉजिस्टांची अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, 1892 ची, आणि दुसरी सायकियाट्रिस्टांची अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन, जिची सुरुवात 1844 ची. एपीएसचंही तसंच, एक ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी आणि एक असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स, जी मुख्यतः रिसर्चवाल्यांची. तुम्ही काउन्सेलर असाल तर काउन्सेलरांची संस्था वेगळी असू शकते, तीच आधी शोधा.

आता फॉर्म भरायच्या आधी वेबसाइटवर जाऊन एथिक्स कोड काढा आणि नुसती तत्त्वं वाचून थांबू नका, तक्रारीचा भाग गाठा. क्लायंटला तक्रार करायची असेल तर कुणाकडे करायची, कमिटीत कोण असतं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं म्हणणं ऐकतात का, आणि दोषी ठरला तर काय होतं, नुसती समज की मेंबरशिप रद्द. हे कुठेच सापडलं नाही तर ऑफिसला मेल करून विचारा. उत्तर गोलगोल आलं तर मी तरी तिथे फी भरणार नाही.

फी, विद्यार्थ्यांना सवलत, मतदानाचा हक्क कुठल्या प्रकारच्या मेंबरला आहे, हे सगळं नियमावलीत असतं, एकदा नजर टाका. इन्शुरन्स मेंबरशिपमध्येच आहे की वेगळा घ्यावा लागतो तेही विचारा, बरेचजण धरून चालतात की आहेच.

आणि जमलं तर एखाद्या केस डिस्कशनला गेस्ट म्हणून बसा, कारण वेबसाइटवरून जे कळत नाही ते तिथे कळतं. केस मांडणारा फक्त नाव बदलतोय की नोकरी, गाव, घरातली माणसं, ओळख पटेल असं सगळंच झाकतोय? नवख्याने 'मला इथे पुढे काय करावं कळेना' म्हटलं तर सीनियर नीट समजावतात की सगळ्यांसमोर झापतात? एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला अवघड केसमध्ये हक्काने फोन करता येईल असं माणूस लागतंच, तसं कुणी तिथे दिसलं तर फॉर्म भरून टाका.