ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर डेटाबेसच्या मोबाईल लिंक देताना या चुका टाळा

लिंक तपासायची तर आधी फोनचं वायफाय बंद करा. कॉलेजांच्या ग्रंथालयांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कॅम्पसच्या वायफायवर डेटाबेसचा, म्हणजे संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहाचा, प्रकाशक कॉलेजचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) ओळखतो, त्यामुळे ग्रंथपालांच्या फोनवर लेख पासवर्डशिवाय उघडतो आणि ‘सगळं चालतंय’ असं वाटतं. गोव्यात वाळपईहून पणजीला येणाऱ्या कदंब बसमध्ये बसलेली मुलगी तीच लिंक मोबाईल डेटावर उघडते, तेव्हा तिला नुसता सारांश दिसतो आणि खाली डॉलरमध्ये किंमत! म्हणून लिंक प्रॉक्सीतून (बाहेरच्या वाचकाला कॉलेजच्या पत्त्यावरून प्रकाशकाकडे नेणाऱ्या सर्व्हरमधून) किंवा लॉगिन पानावरूनच द्या. कॉलेजांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं देणाऱ्या एन-लिस्टसाठी प्रत्येकाला स्वतंत्र आयडी लागतो. तो ग्रंथालयातून मिळतो हे लिंकला लागूनच लिहा, ‘नियम व सूचना’च्या पीडीएफमध्ये नको.

‘कॉम्प्युटरवर चालतं, फोनवर नाही’ ही तक्रार आली, तर प्रॉक्सीची यादी बघा. काही डेटाबेसचा मोबाईल पत्ता वेगळा असतो, ‘एम’ आणि टिंबाने सुरू होणारा. ईझीप्रॉक्सीसारख्या प्रॉक्सी प्रणालीत प्रत्येक होस्टची, म्हणजे साइटच्या प्रत्येक पत्त्याची, नोंद असावी लागते. मूळ पत्ता नोंदवला आणि मोबाईलचा राहिला, की फोन परस्पर प्रकाशकाकडे जातो आणि तिथे विद्यार्थी अनोळखी ठरतो.

मुळात असे वेगळे पत्ते आता कमीच उरलेत. वैद्यकीय लेखांचा डेटाबेस असलेल्या पबमेडने २०२० मध्ये पडद्याच्या आकारानुसार बदलणारी नवी साइट आणली आणि स्वतंत्र मोबाईल आवृत्ती मागे पडली. तरीही ‘मोबाईलसाठी इथे क्लिक करा’ ही जुनी ओळ संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं तशीच राहते. साइट फोनवर नीट दिसत असेल तर दोन लिंक कशाला? एकच ठेवा. नावापुढे फोनचं चिन्ह लावायचं तर स्वतः लॉगिन करून एखादा लेख उघडून बघितल्यावरच लावा. लेख पीडीएफशिवाय, साध्या वेबपानावरही वाचता येत असेल, तर तेही सांगा. दोन रकान्यांची पीडीएफ फोनवर वाचणं म्हणजे शिक्षाच.

फोन दिसला की आपोआप मोबाईल साइटवर ढकलणारी युक्तीही बरी नव्हे. विद्यार्थी विशिष्ट लेखाच्या लिंकवर बोट लावतो आणि पोचतो मुखपृष्ठावर. ढकलायचंच असेल तर त्याच लेखाच्या पानावर न्या आणि ‘पूर्ण साइट’चा पर्याय ठेवा.

ॲड्रेस बारमधला लांबलचक पत्ता उचलून चिकटवू नका. त्यात पुष्कळदा सेशनचा, म्हणजे त्या वेळच्या लॉगिनचा, क्रमांक असतो, आणि सेशन संपलं की लिंक मेली. लेखाच्या पानावरची पर्मालिंक (न बदलणारी लिंक) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) लिंक घ्या आणि लागेल तिथे तिच्या सुरुवातीला प्रॉक्सीचा पत्ता जोडा.

तुमची संस्था १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या सामायिक जर्नल वर्गणी योजनेत असेल, तर त्या प्रकाशकांच्या जुन्या लिंक एकदा नव्याने तपासा. अर्थात वायफाय बंद ठेवूनच.